लेबलावर गावाचे नाव कधी छापावे?

नाशिकच्या छोट्या वायनरीला दर्जाच्या श्रेणी आखायच्या असतील, तर सुरुवात बाटलीपासून न करता ऑक्टोबरच्या छाटणीपासून करावी. वरच्या श्रेणीची खूण म्हणून वापरला जाणारा ‘रिझर्व’ हा शब्द आपल्याकडे अनेकदा केवळ शोभेसाठी छापला जातो. इटलीतील क्यांटी क्लासिको या वाइनच्या प्रदेशात मात्र साधी वाइन 12 महिने, ‘रिझर्वा’ 24 महिने आणि 2014 पासून आलेली ‘ग्रान सेलेझिओने’ 30 महिने मुरवावी लागते; शिवाय या शेवटच्या श्रेणीसाठी द्राक्षे उत्पादकाच्या स्वतःच्या मळ्यातलीच हवीत. ग्राहकाने विचारले तर दाखवता येईल, असा नियम तिथे प्रत्येक श्रेणीमागे आहे.

आपल्याला तीन श्रेणी पुरेशा आहेत. पहिलीवर फक्त ‘नाशिक’, दुसरीवर ‘दिंडोरी’ किंवा ‘निफाड’ असा तालुका आणि तिसरीवर एकाच शिवाराचे नाव असावे. म्हणजे दर्जा चढत जाईल तसा नकाशा आक्रसत जाईल. अडचण येते ती तिसऱ्या श्रेणीत. खाण्याच्या द्राक्षांवर वाढलेल्या बागायतदाराचा जीव वजनात असतो, आणि टनावर भाव देऊन त्याला दर्जासाठी घड विरळ करायला सांगणे म्हणजे स्वतःच्या हाताने पदरचे नुकसान करून घ्यायला सांगणे होय. म्हणून अशा प्लॉटचा करार एकरी भावाने करावा, विरळणी किती करायची ते करारातच लिहावे आणि तोडणीपूर्वी गोडीबरोबर बीही पाहावे: ते तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत फुटले पाहिजे. एखाद्या वर्षी माल त्या दर्जाचा उतरला नाही, तर ती वाइन मुकाट्याने तालुक्याच्या श्रेणीत घालावी, मग लेबले छापून तयार असली तरीही.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, मात्र ते नाव वापरण्यासाठी उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी. मद्याच्या थेट जाहिरातीला मोकळीक नसल्यामुळे ओळख घडवण्याचे खरे काम टेस्टिंग रूममध्ये आणि मागच्या लेबलावरच होते. तिथे ‘उत्कृष्ट’, ‘जागतिक दर्जाची’ अशी विशेषणे टाळून प्लॉटचे शिवार, द्राक्षाची जात आणि तोडणीचा महिना छापावा. युरोपात प्रामुख्याने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणारी तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे ‘शेनिन ब्लां, तोडणी फेब्रुवारी’ एवढी एक ओळ वाचूनही बाहेरचा पाहुणा हमखास प्रश्न विचारतो.