मानधन १२,०००, खर्च १२,४००: महोत्सवात वाजवायला जाताना या चुका टाळा

पहिल्यांदा गोव्यातल्या एका महोत्सवात वाजवायला गेलो तेव्हा आम्ही चौघं होतो. एक गाणारी, एक पेटीवाली, एक तबला-ढोलकीवाला आणि गिटार घेऊन मी. डिसेंबरचा दुसरा आठवडा, पणजीत नदीकाठचं छोटं स्टेज, ४० मिनिटांचा स्लॉट, मानधन १२,००० रुपये. डोंबिवलीला परतल्यावर वहीत हिशेब मांडला: रेल्वे ३,५००, खोली ३,२००, टॅक्सी ३,०००, खाणंपिणं १,९०० आणि ऐन वेळी पणजीच्या बाजारात घेतलेली केबल, बॅटऱ्या, चिकटपट्टी मिळून ८००. बेरीज १२,४००. माणशी शंभर रुपये वर्गणी काढून आम्ही स्वतःचाच कार्यक्रम केला होता.

कुणी फसवलं नव्हतं. यातला निम्मा खर्च "ते तिकडे असेलच" या एका वाक्याने केला होता. त्यानंतर बरेच छोटे कार्यक्रम केले, तोटा आटोक्यात आला. ज्या चुकांची किंमत मोजली, त्या इथे मांडतो.

गाडी न बघता वेळ कबूल करणं

आयोजकांचा फोन आला की आपण विचारतो, "कुठलं स्टेज?" आधी विचारायचं ते "किती वाजता?" आम्हाला संध्याकाळी साडेसातची वेळ मिळाली आणि आम्ही हुरळलो. मुंबईची कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते. म्हणजे साडेसातला वाजवणाऱ्याला मुक्काम आलाच, आणि डिसेंबरात गोव्यात स्वस्त खोली शोधणं म्हणजे श्रावणात मासळी शोधण्यासारखं: मिळते, पण भाव विचारू नये.

पुढच्या वर्षी आम्ही आपणहून दुपारी तीनची वेळ मागून घेतली. ती कुणालाच नको असते, त्यामुळे आयोजकही खूश. रात्री ठाण्याहून कोकणकन्या, सकाळी गोव्यात, तीनला वादन, संध्याकाळची गाडी परत. ऊन रणरणत होतं, समोर पंचवीस-तीस डोकी होती, पण खोलीचे पैसे वाचले. मुक्काम टळतच नसेल तर मानधन वाढवून मागण्यापेक्षा खोली मागा. महोत्सवाने पाहुण्यांसाठी खोल्या आधीच घेतलेल्या असतात. त्यातली एक देणं त्यांना रोख तीन हजार देण्यापेक्षा सोपं जातं.

दुसरी चूक स्टेशनची. "गोवा म्हणजे मडगाव" म्हणून आम्ही मडगावचं तिकीट काढलं, आणि कार्यक्रम होता पणजीत. पणजीला करमळी स्टेशन खूपच जवळ, म्हापसा-हणजुण्याकडे जायचं तर थिवी. मोबाइलवर बोट दाबलं की मुंबईसारखी गाडी दारात येईल, हेही गृहीत धरू नका. ओला-उबर तिथे नाही, आणि टॅक्सीवाला भाडं सांगतो तेव्हा गाणारीचा आवाज बसतो. मडगाव-पणजी कदंबाची शटल बस स्वस्त आहे, फक्त तबल्याच्या पिशव्या मांडीवर घ्यायची तयारी हवी.

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि महोत्सवाचं पक्कं पत्र येतं पंधरा दिवस आधी. पत्राची वाट पाहू नका. तिकीट काढून ठेवा, रद्द करावं लागलं तरी ते शेवटच्या घटकेच्या तत्काळपेक्षा परवडतं. चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं, मग पेटी उचलून ट्रॅव्हल्सच्या बसमागे धावणं आलं. सामानाच्या वजनाची काळजी नको: स्लीपरमध्ये आणि थर्ड एसीत माणशी ४० किलो मोफत नेता येतं. प्रश्न जागेचा असतो. पेटी खालच्या बर्थखाली, उभी नको, आडवी. गिटार वरच्या बर्थवर माझ्या कुशीत झोपते, यावरून घरी बोलणी खाऊन झाली आहेत. वाद्यं ब्रेकव्हॅनला, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्याला, देण्याचा विचारही करू नका.

मुंबईतच वाजवायचं असेल, म्हणजे फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव वगैरे, तर टॅक्सीच्या नादी न लागता लोकलचा मालडबा गाठा. सीएसएमटीला उतरून पुढे चालत जाता येतं. महोत्सवाच्या दिवसांत तिथले रस्ते बंद असतात, गाडी तशीही आत जात नाही.

"चार जण आहोत" एवढंच सांगणं

आम्ही व्हॉट्सॲपवर कळवलं होतं: चार कलाकार, चार माइक. साउंडवाल्याने चार उंच स्टँड लावून ठेवले. आमच्यातले दोघं जमिनीवर बसतात हे त्याला स्वप्नात दिसणार होतं का? छोटे स्टँड दुसऱ्या स्टेजवर गेलेले. शेवटी तबल्याचा माइक प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पायाला चिकटपट्टीने बांधला. प्रेक्षक उभे असल्यामुळे तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला आमचा तबलजी दिसलाच नाही. "तबला रेकॉर्डेड होता का?" असं एका काकांनी नंतर प्रेमाने विचारलं.

एका कागदावर स्टेजचं चित्र काढा. कोण कुठे, कोण बसलेलं, कोण उभं. बसणाऱ्यांसाठी दीड-दोन फूट उंच चौथरा किंवा दोन भक्कम टेबलं मागा. वर टाकायला सतरंजी आपली न्या. मग यादी: गाण्याचा माइक १, पेटीला १, तबल्याला २, छोटे स्टँड ३, गिटारसाठी डीआय बॉक्स (गिटारची केबल मिक्सरला जोडणारी डबी) १. हे साउंडवाल्याच्या नंबरवर पाठवा, आयोजकाच्या नाही. आयोजक ते "नक्की!" म्हणून वाचतो आणि विसरतो. आदल्या दिवशी साउंडवाल्याला स्वतः फोन करा. त्याला दादा म्हणा, चहाला विचारा. छोट्या स्टेजवर तुमचं गाणं चांगलं ऐकू येणं हे त्या एका माणसाच्या हातात असतं.

माइक दोनच मिळाले तर? तबल्याचा एकच माइक तबला आणि डग्ग्याच्या मध्ये, थोडा तबल्याकडे झुकवून ठेवा. डग्गा आपोआप पोचतो. पेटीचा माइक भात्याच्या अगदी जवळ गेला तर सुरांऐवजी फुसफुस ऐकू येते.

काळी-पांढरी आणि सी शार्प

मिश्र वाद्यांच्या बँडची ही चूक सरावाला कळत नाही, स्टेजवर कळते. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, सांगताना पेटीवाली "काळी एक" म्हणते, गिटारवाला "सी शार्प" म्हणतो. दोन्ही एकच, पण घाईत नेमकं कुणीतरी पांढरी एक धरतं. गाण्यांच्या यादीत दोन्ही लिहा, शेजारी कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) कुठल्या फ्रेटवर तेही: काळी एकला पहिल्यावर कॅपो लावून सीचे कॉर्ड, काळी चारला पहिल्यावरच लावून जीचे.

जुनी पेटी ४४० हर्ट्झला, म्हणजे हल्लीच्या प्रमाण सुराला, असेलच असं नाही. आमची थोडी चढी आहे. पेटी स्टेजवर लावता येत नाही, गिटार लावता येते, म्हणून गिटारनेच पेटीकडे जायचं. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप शेजारच्या स्टेजच्या गोंगाटात वेडं होतं. क्लिपवालं ट्यूनर लाकडाची थरथर ओळखतं, ते घ्या. काही शे रुपयांचं असतं.

खरी बचत गाण्यांच्या क्रमात आहे. प्रत्येक गाणं वेगळ्या पट्टीत असेल तर तबलजी हातोडी घेऊन बसतो आणि गाणारी "हॅलो पणजी!" तिसऱ्यांदा म्हणते. एका पट्टीतली गाणी एकापाठोपाठ ठेवा. काळी एकला लावलेला तबला काळी चारच्या गाण्यांना मध्यमाचा (त्या पट्टीच्या 'म'ला लावलेला) म्हणून चालून जातो. दोन तबले वाहून न्यायचे वाचले, आणि परत लावण्यात जाणारी पाच मिनिटंही. ४० मिनिटांत पाच मिनिटं म्हणजे एक आख्खं गाणं.

हवा विसरणं

नदीकाठी, समुद्रकाठी सूर्य कलला की हवा ओलसर होते आणि तबल्याची पुडी (वरचं चामडं) सुरात उतरते. मुंबईत फेब्रुवारीच्या दुपारी उलट: उन्हात ठेवलेला तबला चढतो, आणि ताणलेली पुडी फाटूही शकते. एसी खोलीतून काढून थेट स्टेजवर नेला तर त्याचं काय होईल, सांगता येत नाही. अर्धा तास आधी वाद्यं स्टेजजवळ सावलीत उघडी ठेवा, हवेशी त्यांची ओळख होऊ द्या, मग लावा. पूर्वी स्टेजवरच्या पिवळ्या दिव्यांची ऊब तबल्याला आयतीच मिळायची. आता एलईडी आले, उजेड भरपूर आणि ऊब नाही, याची हळहळ फक्त तबलजींनाच वाटत असावी. गिटारच्या तारा खाऱ्या हवेत काळवंडतात. वाजवून झालं की लगेच कोरड्या फडक्याने पुसा.

स्टेजवर अडलं तर

छोट्या स्टेजवर साउंड चेक मिळत नाही. आधीचा बँड उतरता उतरता तुमच्या वायरी लागतात आणि "हॅलो, चेक" झालं की सुरू. म्हणून बिघाड काय आहे हे पटकन ओळखता आलं पाहिजे.

गिटारचा आवाजच नाही: दहातल्या आठ वेळा पिकअपची (गिटारमधल्या आवाज पकडणाऱ्या भागाची) ९ व्होल्टची बॅटरी गेलेली असते. सराव संपल्यावर गिटारमध्ये जॅक तसाच राहिला तर ती रात्रभर जळते. नवीन बॅटरी खिशातच हवी. ती ठीक असेल तर केबल बदला. केबल आपलीच न्या, सहा मीटरची, एक जास्तीची.

माइक शिट्टी मारतोय: आवाज वाढवायला सांगू नका. मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर) माइकच्या तोंडासमोर आला असेल, तो नेहमीच्या माइकला बरोबर पाठीमागे येईल असा फिरवा. गाणारीने माइकची जाळी मुठीत धरली असेल तर मूठ खाली दांड्यावर घ्यायला सांगा. शिट्टी निम्मी तिथेच थांबते.

सतत "हूं" असा घुमारा येतोय: बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो. गिटारचा ॲम्प्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबून बघा. प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकण्याचा देशी उपाय मात्र कुणी सुचवला तर ऐकू नका.

कारण चौथा बिघाड जिवावरचा आहे. तारांवर हात असताना ओठ माइकला लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर अर्थिंग नीट नसणं नवीन नाही. हात काढा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याच्याकडून तपासून घेतल्याशिवाय परत तारांना हात लावू नका. माइकवर रुमाल बांधून निभावून नेणारे मी पाहिले आहेत. आमच्यावर ही वेळ आली तेव्हा आम्ही मात्र दोन गाणी बिनमाइकची केली आणि लोक पुढे सरकून बसले.

४० मिनिटं म्हणजे ४० मिनिटं धरणं

रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. सरकार वर्षातून मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं, पण तुमचा दिवस त्यात असेलच असं नाही. मोठ्या स्टेजचा उशीर शेवटी छोट्या स्टेजच्या वेळेतूनच कापला जातो. यादी तीन मापांत बनवा: ४० मिनिटांची, २५ ची आणि १५ ची. पंधराच्या यादीत तुमचं सगळ्यात हमखास गाणं पहिलं हवं. येता-जाता थांबणाऱ्या माणसाला पाच मिनिटांचा आलाप ऐकवलात तर तो सहाव्या मिनिटाला भजीच्या गाडीवर असतो.

पैशांचं तोंडी ठेवणं

"बघून घेऊ हो, आपलेच आहात" हे वाक्य ऐकलं की लगेच मेसेज टाका: रक्कम, त्यातलं आगाऊ किती, बाकी किती दिवसांत, प्रवास आणि जेवण कुणाचं. निदान रेल्वेच्या तिकिटाएवढी रक्कम आधी मागा. आमचं त्या पहिल्या वेळचं मानधन दहा आठवड्यांनी आलं, तेही बिल पाठवलंच नव्हतं म्हणून. बिल कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी पाठवा, पॅन आणि खात्याच्या तपशिलासह. पॅन नसेल आणि टीडीएस कापायची वेळ आली तर थेट २० टक्के कापला जातो. पैसे एकाच्या खात्यात येणार असतील तर कापलेला करही त्याच्याच नावावर दिसतो. वाटणी करताना हे आधीच बोलून घ्या, नंतर बोललं की मैत्रीत खडा पडतो.

सिनेमाची गाणी करणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना आयोजकांनी घेतलाय का, ते विचारून ठेवा. यूपीआयचा क्यूआर कोड लावायलाही आधी परवानगी घ्या, आणि तो चकचकीत लॅमिनेट करू नका. उन्हात फोनला फक्त सूर्य दिसतो.

आणि उतरताना मोजा. पुढचा बँड डोक्यावर उभा असतो, सगळ्यांच्या वायरी काळ्या. आम्ही आमच्या सगळ्या सामानाला लाल चिकटपट्टी लावलीय आणि आकडा पाठ केलाय: चौदा. मागच्या खेपेला करमळीच्या फलाटावर मोजले, तेरा भरले. सतरंजी स्टेजवरच राहिली होती. साउंडवाल्या दादाला फोन केला तर म्हणाला, "राहू दे, पुढचे लोक तिच्यावरच बसलेत."