एफएसएच्या चौकटीत आकडा किती टाकायचा?

हेल्थ केअर एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजे कंपनीमार्फत दवाखान्याच्या खर्चासाठी ठेवायचं खातं; वर्षात न वापरलेले पैसे त्यातून सहसा जातात) म्हणजे काय, टॅक्स लागायच्या आधी पगारातून पैसे कसे कापले जातात, हे ओरिएंटेशनमध्ये ऐकलेलं असतं. ते परत सांगत नाही. अडतं ते ओपन एन्रोलमेंटच्या, म्हणजे पुढच्या वर्षाचे बेनिफिट्स निवडायच्या, पानावर. तिथे एक रिकामी चौकट असते आणि अख्ख्या वर्षाचा आकडा आत्ताच टाकायचा असतो. २०२६ साठी आयआरएसची (अमेरिकेच्या टॅक्स खात्याची) कमाल मर्यादा ३,४०० डॉलर आहे. अमेरिकेत नवीन आलेला माणूस एक तर घाबरून शून्य टाकतो, नाही तर टीममधल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारतो. तो सांगतो, “अरे, मॅक्स कर, टॅक्स वाचतो.”

त्याच्या घरी दोन मुलं, एकाच्या दातांना ब्रेसेस, नवरा-बायको दोघांना चष्मा. त्यांचा खर्च तेवढा होतोच. तुम्ही एकटे, पंचविशी-तिशीतले, औषधाची गोळी वर्षातून एखाद्या वेळी घेणारे. त्याचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. सल्ला देणाऱ्याला तो आकडा काढला कसा हे विचारा. ते सांगता आलं नाही, तर तो सल्ला सोडून द्या. माझं हे मत कडक वाटेल, पण या बाबतीत पैसे घालवलेली मी पाहिलेली माणसं बहुतेक दुसऱ्याच्या आकड्यावर गेलेली होती.

आधी तुमचे नेमके किती वाचतात ते काढा. समजा तुम्ही फेडरल टॅक्सच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात. त्यात सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के मिळवा. झाले २९.६५. हजार डॉलर ठेवले आणि सगळे वापरले, तर २९६ डॉलर वाचले. स्टेट टॅक्सचं राज्यागणिक वेगळं आहे. मी न्यू जर्सीत राहते आणि इथे स्टेट टॅक्समध्ये एफएसएची सूट मिळत नाही, कॅलिफोर्नियात मिळते. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर ओपीटी (शिक्षणाशी जोडलेली तात्पुरती नोकरी) करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही अजून नॉन-रेसिडेंट असाल, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर तुमच्या पगारातून मुळात कापलंच जात नाही. मग ते ७.६५ टक्के वाचायचा प्रश्नच नाही, तुमची बचत २२ वरच थांबते. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) झाल्यावर ते कापायला सुरुवात होते आणि हिशोब बदलतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एचआरच्या स्लाइड्समध्ये तर नसतंच.

आता हे नीट बघा. चौकटीत टाकलेला डॉलर वापरला गेला तर ३० सेंट वाचतात. वापरला गेला नाही तर तो जातो, म्हणजे टॅक्स भरून जे ७० सेंट हातात आले असते ते गेले. म्हणून आकडा वाढवत नेताना प्रत्येक पुढच्या शंभर डॉलरला एकच प्रश्न विचारायचा: हे खर्च होण्याची शक्यता दहात सात तरी आहे का? असेल तर टाका. “होईल काहीतरी खर्च” एवढंच म्हणता येत असेल, तर तिथेच थांबा. ओपीटीवाल्यांनी दहात आठ धरावं.

नक्की असलेले खर्च पहिल्या वर्षी कमीच असतात आणि त्यात काही वाईट नाही. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि त्यांचं सोल्यूशन, रोजच्या औषधांचा को-पे (इन्शुरन्स असूनही आपण भरायची रक्कम), चालू असलेली फिजिओथेरपी, दाताच्या डॉक्टरने आधीच सांगून ठेवलेलं काम. २०२० च्या केअर्स अ‍ॅक्टनंतर प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या डोकेदुखीच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅडही यात बसतात. जिमची फी, रोजची व्हिटॅमिनं आणि इन्शुरन्सचा हप्ता बसत नाही. बेरीज ४०० आली तर ४०० टाका. लाजायचं कारण नाही. उरलेले पैसे संपवायला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच सनस्क्रीन आणि तीन थर्मामीटर मागवणं मला अजिबात पटत नाही. नको असलेली वस्तू ३० टक्के स्वस्तात घेतली, तरी ७० टक्के पैसे गेलेच.

उरलेल्या पैशांचं काय होतं, हे तुमच्या कंपनीच्या प्लॅनवर आहे. काही ठिकाणी थोडे पैसे पुढच्या वर्षात नेता येतात; २०२६ मधून २०२७ मध्ये जास्तीत जास्त ६८०. काही ठिकाणी खर्चाला पुढच्या १५ मार्चपर्यंत मुदत मिळते. दोन्ही एकत्र मिळत नाहीत आणि कित्येक कंपन्या दोन्हीतलं काहीच देत नाहीत. पैसे पुढे नेता येत असतील आणि तुम्ही त्याच कंपनीत राहणार असाल, तर प्लॅन जेवढे पुढे नेऊ देतो तेवढ्यापर्यंत जवळपास धोका नाही, निवांत टाका. काहीच नसेल तर हात आखडता घ्या. एचआरकडे ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ मागा आणि त्यातली एफएसएची पानं स्वतः वाचा. मागितल्यावर ते द्यावं लागतं.

मी जिथे अडकले ते आता सविस्तर सांगते, कारण त्या कागदात ते लिहिलेलं असूनही नजरेतून सुटतं. आमच्या प्लॅनमध्ये पैसे पुढे जात नव्हते आणि वाढीव मुदतही नव्हती. मात्र ‘रन-आउट’ ३१ मार्चपर्यंत, असं लिहिलं होतं. माझ्या दाढेवर क्राउन बसवायचा होता. दवाखान्यात डिसेंबरची वेळ शिल्लक नव्हती, जानेवारीची मिळाली. त्यांनी माझ्या वाट्याचे पैसे डिसेंबरमध्येच घेतले, पावतीही डिसेंबरची दिली. पैसे या वर्षी भरलेत, पावती या वर्षाची आहे, क्लेमला मार्चपर्यंत वेळ आहे, हे सगळं तेव्हा जुळत होतं. क्लेम नामंजूर झाला. अपील केलं, तेही नामंजूर. पगारातून वर्षभर कापून ठेवलेले ते पैसे परत आले नाहीत. ती रक्कम तेव्हा माझ्यासाठी लहान नव्हती आणि त्याचा त्रास अजून होतो.

नियम असा आहे: उपचार ज्या दिवशी झाला, तोच दिवस धरतात. पैसे कधी भरले, बिल कधी आलं, इन्शुरन्सने कधी निकाल लावला, क्लेम कधी टाकला, यातलं काहीही धरत नाहीत. रन-आउट ही फक्त कागद पाठवायची मुदत आहे. डिसेंबरात उपचार झाला आणि बिल फेब्रुवारीत आलं, तर ते जुन्या वर्षाच्या पैशांतून मिळतं. रन-आउट त्यासाठीच असतो. जानेवारीत उपचार झाला तर पैसे डिसेंबरात भरलेले असले तरी तो नव्या वर्षाचा खर्च. ब्रेसेस हा अपवाद आहे, तिथे आगाऊ भरलेली रक्कम धरली जाऊ शकते. बाकी कुठेही “आधी पैसे भरून ठेवा” असं कुणी सुचवलं, दवाखान्यातल्या माणसाने सुचवलं तरी, ऐकू नका. म्हणून आकडा ठरवतानाच डिसेंबरवर ढकललेली कामं बेरजेतून काढून टाका. दाताचं, डोळ्यांचं काम ऑक्टोबरच्या आत होणार असेल तरच धरा.

नोकरी सोडतानाही हाच दिवस आडवा येतो. एच-१बी ट्रान्सफर होऊन नवीन कंपनीत जायचं ठरलं की जुन्या एफएसएचं कव्हरेज शेवटच्या दिवशी, किंवा प्लॅननुसार त्या महिन्याच्या अखेरीस, संपतं. त्यानंतरचा उपचार चालत नाही, खात्यात पैसे दिसत असले तरी. कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून कव्हरेज चालू ठेवायची सोय) घेऊन ते कधी कधी चालू ठेवता येतं, पण ते प्रत्येकाला परवडेलच असं नाही.

पण याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. हेल्थ एफएसएमध्ये ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. १,२०० ठरवले, दर दोन आठवड्यांनी ४६ डॉलर कापले जातात, आणि जानेवारीतच चष्मा आणि रूट कॅनाल मिळून ९०० झाले, तर ९०० मिळतात. मार्चमध्ये नोकरी सुटली तरी राहिलेले पैसे कंपनी तुमच्याकडून मागू शकत नाही. हा कायद्याचा नियम आहे, त्यात संकोच नको. मोठी कामं वर्षाच्या सुरुवातीला करून घ्या.

सुट्टीत पुण्याला जाऊन दात करून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तो खर्च बसतो, विमानाचं तिकीट बसत नाही. बिलावर पेशंटचं नाव, उपचाराची तारीख, कोणता उपचार आणि किती पैसे, हे इंग्रजीत लिहून घ्या. नुसता “डेंटल ट्रीटमेंट, १८,००० रुपये” असा कागद परत येतो. तिकडून येताना बॅगेतून आणलेली औषधं चालत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांचा दवाखानाही यात धरू नका. ते टॅक्सच्या दृष्टीने सहसा तुमच्यावर अवलंबून धरले जात नाहीत. एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा खर्च मात्र चालतो.

त्या जोडीदाराला नोकरी लागली आणि तिथे एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, दवाखान्याच्या खर्चासाठीचं वेगळं बचत खातं) असेल, तर थांबा. तुमचा साधा एफएसए चालू असताना जोडीदाराला एचएसएमध्ये पैसे टाकता येत नाहीत. दोन कंपन्यांच्या एचआरला एकमेकींचं काही दिसत नाही, त्यामुळे हे कुणी अडवत नाही आणि टॅक्स भरताना निस्तरावं लागतं. तेव्हा तुमच्या कंपनीत फक्त दात-डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए मिळतो का ते विचारा, नसेल तर त्या वर्षी शून्य टाका. मागच्या वर्षातून पुढे आलेले शंभर डॉलरही आडवे येतात, म्हणून ते आधी संपवा.

एकदा टाकलेला आकडा वर्षाच्या मध्ये मनाला आलं म्हणून बदलता येत नाही. लग्न झालं, बाळ झालं, जोडीदाराची नोकरी गेली किंवा लागली, तर येतो. त्याला बहुतेक कंपन्या ३० दिवसच देतात आणि बाळ झाल्यावर ते कसे जातात कळत नाही, तेव्हा तो फॉर्म आधीच शोधून ठेवा.