नव्या आवृत्तीत मॉडेल अडखळते तेव्हा: ग्राफिक्सचा वेग कसा तपासावा

वास्तुरचनेचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेले की कालपर्यंत सहज फिरणारे मॉडेल कधी अडखळू लागते, कधी भिंतींच्या कडा लुकलुकतात, तर कधी स्क्रीन क्षणभर काळी पडते. अशा वेळी पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो आणि नवे कार्ड घेण्याची बोलणी सुरू होतात. बहुतेक वेळा ही घाई ठरते. आवृत्ती बदलते तेव्हा एकटा प्रोग्रॅम बदलत नाही. त्याची चित्र काढण्याची यंत्रणा, त्याच्या मूळ सेटिंग्ज, विंडोजने त्याला नेमून दिलेला ग्राफिक्स प्रोसेसर आणि काही वेळा फाइलीचे स्वरूपही त्याच्याबरोबर बदलते. यांपैकी नेमके काय आड येते आहे हे शोधल्याशिवाय केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक असते.

आधी मंद काय झाले ते ठरवावे

‘सॉफ्टवेअर स्लो झाले’ ही तक्रार फार ढोबळ आहे. फाइल उघडायला वेळ लागणे, एक भिंत सरकवल्यावर तिच्यातील दारे-खिडक्या आणि तक्ते नव्याने मांडले जाईपर्यंत थांबावे लागणे, सेव्ह करताना खोळंबा होणे ही कामे मुख्यतः प्रोसेसरची, डिस्कची किंवा नेटवर्कची आहेत. त्यांचा ग्राफिक्स कार्डाशी फारसा संबंध नसतो. ग्राफिक्सचा प्रश्न म्हणावा तो मॉडेल फिरवताना, सरकवताना किंवा झूम करताना येणारा अडथळा, आणि चित्रातच दिसणारे दोष.

अडथळा फिरवतानाच येत असेल तर एक सोपी चाचणी बरेच काही सांगून जाते. प्रोग्रॅमची खिडकी स्क्रीनच्या साधारण चौथ्या भागाएवढी लहान करावी आणि तेच दृश्य पुन्हा फिरवून पाहावे. वेग लक्षणीय वाढला तर भार पिक्सेल रंगवण्यावर आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड खरोखरच दमते आहे. काहीच फरक पडला नाही तर अडचण बहुधा प्रोसेसरच्या बाजूला आहे: मॉडेलमधील हजारो घटकांची यादी कार्डाकडे पाठवण्यातच वेळ जातो आहे, आणि हे काम अनेकदा प्रोसेसरच्या एका-दोन कोअरवरच चालते. दुसऱ्या परिस्थितीत कितीही महागडे कार्ड बसवले तरी पदरी निराशाच येते.

तुलना करायची तर दोन्ही आवृत्त्या हाताशी हव्यात

रेव्हिट, ऑटोकॅड, स्केचअप यांच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी-शेजारी नांदू शकतात, त्यामुळे नवी बसवल्याबरोबर जुनी काढून टाकण्याची गरज नाही. तुलनेसाठी मात्र फाइलीची प्रत घ्यावी. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केली की ती जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही, आणि सामायिक कामाच्या सेंट्रल फाइलीवर हा प्रयोग केला तर सगळ्या चमूची पंचाईत होते. म्हणून ती ‘डिटॅच’ करूनच, म्हणजे मूळ सेंट्रल फाइलीपासून तोडून, उघडावी. स्केचअपचे फाइल स्वरूप २०२१ पासून पुढच्या आवृत्त्यांत परस्परांना चालते, आणि ऑटोकॅडचे २०१८ चे डीडब्ल्यूजी स्वरूप त्यापुढील कित्येक आवृत्त्यांनी कायम ठेवले आहे, त्यामुळे तेथे धोका कमी. तरीही प्रत घेण्यात तोटा काहीच नाही.

दोन्हीकडे दृश्य तेच, खिडकीचा आकार तोच, स्क्रीन तीच आणि दृश्यशैलीही तीच असली पाहिजे. नव्या आवृत्तीत पहिल्यांदा मॉडेल उघडताना चित्रणासाठी लागणाऱ्या काही गोष्टी नव्याने तयार होऊन साठवल्या जाऊ शकतात, म्हणून पहिल्या खेपेवरून निष्कर्ष काढू नये. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडल्यावर जे दिसते ते खरे धरावे. आकड्यांत पाहायचे असेल तर सेकंदाला ६० चित्रे म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद आणि ३० चित्रे म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, एवढा हिशेब पुरे. स्थापत्याच्या मॉडेलसाठी ३० देखील कामापुरता वेग आहे. खेळांच्या अपेक्षा येथे लावू नयेत.

चित्र नेमके कोण काढते आहे?

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या प्रश्नाला, कारण दोष येथे सापडण्याची शक्यता मोठी आणि दुरुस्ती सर्वांत स्वस्त. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स प्रोसेसर असतात: एक मुख्य प्रोसेसरमध्येच अंतर्भूत, वीज वाचवणारा, दुसरा स्वतंत्र, ताकदीचा. कोणत्या प्रोग्रॅमला कोणता द्यायचा हे विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने ठरवता येते. मेख अशी की, डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या बाबतीत ही नेमणूक नावाने होत नाही, तर त्याच्या एक्झी फाइलीच्या (प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फाइलीच्या) पूर्ण पत्त्याने होते. नवी आवृत्ती नव्या वर्षाच्या फोल्डरमध्ये बसते, त्यामुळे जुन्या आवृत्तीला दिलेला ‘हाय परफॉर्मन्स’चा पर्याय तिला लागू होत नाही. वापरणारा म्हणतो, मी सेटिंग केलेली आहे. आणि ते खरेही असते, फक्त ती आता न वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असते.

पडताळणीसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘डिटेल्स’मध्ये स्तंभांच्या यादीतून ‘जीपीयू इंजिन’ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर) हा स्तंभ निवडावा आणि मॉडेल फिरवत असताना प्रोग्रॅमच्या नावासमोर जीपीयू ० दिसतो की जीपीयू १, हे पाहावे. यांतला कोणता प्रोसेसर कुठल्या क्रमांकाचा हे ‘परफॉर्मन्स’ पानावर नावासकट कळते. चुकीचा दिसला तर वर सांगितलेल्या यादीत नव्या आवृत्तीची एक्झी फाइल जोडावी, पर्याय निवडावा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करावा. चालू प्रोग्रॅमवर या बदलाचा परिणाम होत नाही, हे विसरून पुष्कळजण ‘फरक पडला नाही’ असे म्हणून पुढे जातात.

याच ठिकाणी आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे की मदरबोर्डला, हे मागे वाकून प्रत्यक्ष पाहावे. लॅपटॉप बॅटरीवर चालू असेल तर त्याचा वेग मुद्दाम कमी राखलेला असू शकतो, म्हणून चाचणी चार्जर लावूनच करावी. आणि दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम होत असेल तर चित्रणाचा मार्गच वेगळा असतो. तेव्हा निर्णय त्या संगणकासमोर बसूनच घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे नाव दिसत असेल, तर कार्डाचा खरा ड्रायव्हरच, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवू देणारा प्रोग्रॅमच, बसलेला नाही आणि पुढच्या कोणत्याही चाचणीला तोवर अर्थ नाही.

प्रोग्रॅमच्या आतील सेटिंग्ज

नव्या आवृत्तीत नवे दृश्य परिणाम येतात आणि ते सुरूच ठेवलेले असू शकतात. स्केचअप २०२४ मध्ये नवे ग्राफिक्स इंजिन आले आणि त्याच आवृत्तीत कोपऱ्यांना मंद सावली देणारे ‘अँबियंट ऑक्लूजन’ही आले, त्यामुळे वेग बदलला असेल तर तो इंजिनामुळे की या परिणामामुळे, हे वेगळे करून पाहावे लागते. प्रेफरन्सेसमधील ग्राफिक्सच्या पानावर जुने ‘क्लासिक’ इंजिन निवडण्याची सोय ठेवलेली आहे. ऑटोकॅडमध्ये ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की चित्रणाचे काम कार्डाकडे सोपवणारे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, रेषांचा गुळगुळीतपणा इत्यादी पर्याय एकाच खिडकीत मिळतात. रेव्हिटच्या ऑप्शन्समध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, रेषा गुळगुळीत करणारे अँटी-एलियासिंग आणि दृश्य फिरवताना चित्रण सोपे करण्याचा पर्याय आहे. २०२६ च्या आवृत्तीत ‘अ‍ॅक्सिलरेटेड ग्राफिक्स’ ही चाचणी-स्वरूपातील सुविधाही दिली आहे, पण तिच्यावर मुदतीचे काम सोपवू नये.

बदल एका वेळी एकच करावा. माझ्या मते क्रम असा असावा: प्रथम अँबियंट ऑक्लूजन, मग सावल्या, मग अँटी-एलियासिंग, मग पारदर्शकता. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करणे हे निदानाचे साधन आहे. ते बंद केल्यावर चित्रातील दोष नाहीसे झाले तर बोट ड्रायव्हरकडे दाखवावे आणि ते पुन्हा चालू करावे; कायम बंद ठेवणे म्हणजे कार्ड असून नसल्यासारखे. आवृत्ती बदलतानाच मॉनिटरही बदलला असेल तर त्याचा हिशेब वेगळा धरावा: ४के स्क्रीनवर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १०८० च्या स्क्रीनवर सुमारे २१ लाख, म्हणजे काम थेट चौपट.

ड्रायव्हर

सर्वांत नवा ड्रायव्हर म्हणजे सर्वांत चांगला, असे नाही. सॉफ्टवेअर कंपनी ज्या कार्ड-ड्रायव्हर जोड्या तपासून प्रमाणित करते, त्यांची यादी आधी पाहावी. एनव्हिडियाच्या कार्डासाठी ‘गेम रेडी’ आणि ‘स्टुडिओ’ अशा दोन शाखा उपलब्ध असतील तर ‘स्टुडिओ’ निवडावी. बसवताना जुन्या सेटिंग्ज पुसणारा ‘क्लीन इन्स्टॉल’चा पर्याय घ्यावा. विंडोज अपडेटही काही वेळा परस्पर ड्रायव्हर बदलते, त्यामुळे दोष सॉफ्टवेअरच्या अपग्रेडनंतर दिसला तरी दोषी दुसराच असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमधील ड्रायव्हरची तारीख तेवढ्यासाठी पाहावी.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल तर विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केलेला असण्याची शक्यता आहे. कार्डाने मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज असे करते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने मिळू शकते. ही मुदत विंडोजच्या रजिस्ट्रीतून (सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीतून) वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने लक्षण झाकले जाते. मूळ कारण शोधून झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

दोष मॉडेलमध्येच असेल तर

नव्या रिकाम्या फाइलीत चार-दोन ठोकळे काढून फिरवावेत. तेथे सर्व ठीक असेल आणि प्रकल्पाच्या फाइलीतच दोष दिसत असेल, तर कारण मॉडेलमध्ये शोधावे. दोन पृष्ठे तंतोतंत एकाच जागी असली की ती लुकलुकतात. जुन्या इंजिनात योगायोगाने झाकलेला हा दोष नव्या इंजिनात उघडा पडू शकतो. मॉडेल मूळ बिंदूपासून (निर्देशांक शून्य असलेल्या जागेपासून) फार दूर असेल तर रेषा थरथरतात. सर्वेक्षणाचे निर्देशांक जसेच्या तसे आणलेल्या नकाशांमध्ये हे हमखास आढळते. ग्राफिक्स कार्डावर अंक सहसा ३२ बिटांत साठवले जातात आणि त्यांतले अचूकतेचे बिट २४. मिलिमीटरमध्ये मोजल्यास सुमारे १६.८ किलोमीटरच्या पुढे एक मिलिमीटरचा फरकही नेमका धरता येत नाही. मॉडेल मूळ बिंदूजवळ आणून निर्देशांकांची नोंद सॉफ्टवेअरच्या सामायिक निर्देशांक सोयीने वेगळी ठेवणे हाच यावर उपाय.

जड घटक हुडकण्यासाठी सेक्शन बॉक्सने (मॉडेलचा ठरावीक भागच दाखवणाऱ्या चौकटीने) मॉडेल अर्धे करावे, मंद वाटणारा अर्धा पुन्हा अर्धा करावा, असे करत गेले की बहुधा एखादे अतितपशिलाचे झाड, उत्पादकाकडून उतरवलेले फर्निचर किंवा आयात केलेला डीडब्ल्यूजी हाती लागतो. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) तात्पुरते बंद करून पाहणे हेही याच टप्प्यावर उरकावे.

एवढे सगळे झाल्यावरही मोठे मॉडेल फिरवताना टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची स्वतःची ‘डेडिकेटेड’ मेमरी काठोकाठ भरलेली आणि संगणकाच्या मुख्य मेमरीतून घेतलेल्या ‘शेअर्ड’ मेमरीचा वापर वाढत गेलेला दिसला, आणि खिडकी लहान केल्यावर वेगही सुधारत असेल, तर कार्ड खरोखर अपुरे आहे. तेव्हा जास्त मेमरीचे कार्ड घेण्याचा प्रस्ताव या निरीक्षणांसह मांडावा. तसे दिसत नसेल तर आवृत्तीचा व ड्रायव्हरचा नेमका क्रमांक, जीपीयू इंजिनाचा स्क्रीनशॉट आणि दोष दाखवणारी लहानात लहान फाइल सॉफ्टवेअर कंपनीच्या साहाय्य विभागाकडे पाठवावी, आणि दुरुस्ती येईपर्यंत चालू प्रकल्प जुन्याच आवृत्तीत ठेवण्याचा निर्णय सगळ्या चमूने एकत्र घ्यावा.