पुण्यात कथा लिहायला येताय? आधी नोकरी बघा

नुसत्या कथांवर घरभाडं निघत नाही. अलीकडचे नावाजलेले कथाकार बघा: जयंत पवार आणि आसाराम लोमटे पत्रकारितेतले, भारत सासणे प्रशासकीय सेवेतले. तेव्हा आधी नोकरी बघा, आणि तीही अशी की संध्याकाळी डोकं शिल्लक राहील. (मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतो. लिखाणाला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण डोकं शाबूत राहतं.)

१९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा बाजार दिवाळीतच भरतो. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की संपादक मजकूर जमवायला लागतात. गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, युनिकोडमध्ये पाठवा. शब्दमर्यादेबरोबर मानधनही विचारा. ‘अंक पाठवतो’ एवढंच उत्तर आलं तरी विचारायचं.

चांगला संपादक मात्र मानधनात मोजता येत नाही. एकांनी मला फोनवर विचारलं, “तुमच्या नायिकेच्या खोलीचं भाडं कोण भरतं?” कथेत त्याचा उल्लेखच नव्हता. उत्तर शोधता शोधता तिचा भाऊ कथेत आला, तो आला म्हणून भांडण आलं, आणि मला आवडलेला शेवट काढून टाकावा लागला. हल्ली प्रत्येक पात्राला हा प्रश्न मी आधीच विचारून घेतो.

टिळक रोडवर साहित्य परिषद, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, आठवड्याला दोन-चार प्रकाशन समारंभ. सगळीकडे गेलात तर ओळखी भरपूर होतील, लिहायचं राहील.

संग्रह न्याल तेव्हा प्रकाशक म्हणेल, कथा खपत नाहीत, कादंबरी आणा. खपाचं तो खरंच सांगतो. पण साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार २०१२ला पवारांच्या, २०१६ला लोमट्यांच्या आणि २०२१ला किरण गुरव यांच्या कथासंग्रहालाच मिळाला, हेही खरं. कथा ताणून कादंबरी करू नका. आणि पस्तिशीच्या आत युवा पुरस्कारासाठी म्हणून भरतीच्या कथा घालून संग्रह तर मुळीच काढू नका.

करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. तरी मुदत, आवृत्ती, प्रतींची संख्या लिहून घ्या. श्राव्य पुस्तकाचे हक्क वेगळ्या कलमात मागा, बरेच जण ते तसेच देऊन टाकतात.