मूल जेवत नाही तेव्हा घरच्यांनी काय करावे

पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे वजन जन्मवेळच्या साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम 2 ते 2.5 किलोंनी वाढते आणि वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. नेमक्या याच वयात घरची मंडळी घाबरतात व घास घेऊन मुलामागे धावू लागतात. म्हणून आधी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन-उंचीचा आलेख पाहून घ्यावा. तो नीट वर सरकत असेल, तर अर्धी पोळी खाऊन उठणारे मूल उपाशी राहिलेले नसते.

त्यानंतर खाण्याच्या वेळा बांधून घ्याव्यात. तीन जेवणे आणि मधली दोन खाणी एवढे पुरते. एरवी पाण्याखेरीज काही देऊ नये. जेवला नाही म्हणून निदान दूध तरी, हा मायेचा विचार अनेकदा उलटतो, कारण दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाला जेवायला भूक उरत नाही आणि दुधात लोह अत्यल्प असल्याने रक्तक्षयाचा धोकाही वाढतो.

ताटात काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले किती खायचे हे मुलाने. आजी-आजोबांना हे जड जाते. त्यांच्याशी याविषयी आधीच, मुलाच्या माघारी बोलून घ्यावे.

मेथीची भाजी नको असेल, तर आवडीच्या वरण-भाताशेजारी ती चमचाभरच वाढावी आणि ‘खा’ असे म्हणू नये. मुलाने वास घेतला, बोट लावले, चाटून बाजूला ठेवली, तरी ओळख वाढतेच. नवी चव रुळायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. बहुतेक घरे तिसऱ्या-चौथ्या वेळीच हार मानतात, याचे वाईट वाटते. थालीपिठात मेथी जरूर घालावी, पण ती भाजीच्या रूपातही ताटात दिसू द्यावी. ‘मेथी संपव, मग चॉकलेट देते’ असे मात्र सांगू नये, कारण त्यातून मेथी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढेच मूल शिकते.

मोबाइल बंद ठेवून सर्वांनी एकत्र बसावे आणि अर्ध्या तासात, रागावल्याशिवाय, ताट उचलावे.

वजन घटत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा खाल्ले जाणारे पदार्थ दिवसेंदिवस कमी होत मोजकेच उरले असतील, तर हे उपाय करत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.