जुन्या गाडीचे फॉल्ट कोड घरीच वाचा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की लोक थेट सेन्सर विकत आणायला निघतात, ते मला बघवत नाही. गाडीच्या संगणकाने नोंदवलेला कोड फक्त सांगतो की तक्रार कोणत्या सर्किटची आहे. बिघाड नेमका कुठे, हे आपणच शोधायचं असतं.

आधी स्टिअरिंगखाली वाकून पाहा. १६ पिनांचं सॉकेट असेल तर बहुधा ओबीडी-२, म्हणजे गाडीचे बिघाड नोंदवण्याची प्रमाणित पद्धत. अमेरिकेत ते १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं. तिथे साधा स्कॅनर लावला की काम झालं.

त्याआधीच्या बऱ्याच गाड्या मात्र दिवा लुकलुकवून कोड सांगतात, आणि मला तेच वाचायला जास्त आवडतं. त्या काळातल्या अनेक टोयोटांमध्ये बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेली झाकणाची छोटी डबी असते. पिनांची नावं झाकणाच्या आतून छापलेली असतात. किल्ली बंद ठेवून टीई१ (TE1) आणि ई१ (E1) या दोनच पिना वायरच्या तुकड्याने जोडा. इथे घाई नको, नावं उजेडात दोनदा वाचा. एसी बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, बॅटरी किमान ११ व्होल्ट. आता किल्ली ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका.

दिवा एकसारखा भराभर लुकलुकत राहिला तर कोड नाही. दोनदा लुकलुकला, दीड सेकंद थांबला, पुन्हा दोनदा लुकलुकला, तर कोड २२. दोन कोडांमध्ये अडीच सेकंद जातात, सगळी फेरी संपली की साडेचार. पहिल्या फेरीत मी काहीच लिहीत नाही, नुसती लय पकडते. लिहायचं दुसऱ्या फेरीत आणि ताडून पाहायचं तिसऱ्या फेरीत.

२२ म्हणजे कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमान सेन्सरचं सर्किट. कनेक्टर काढा. आत हिरवा गंज आहे का, वायर तुटली आहे का, पाहा. मग सेन्सरला मल्टिमीटर लावा: २० अंशांना २ ते ३ किलोओम, ८० अंशांना २०० ते ४०० ओम यायला हवेत. आले, तर सेन्सरला हात लावू नका, वायरिंग तपासा.

ओबीडी-२ मधल्या पी०१७१ (P0171) या कोडचंही तसंच. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, असा त्याचा अर्थ. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण तो बिचारा खरंच सांगत असतो! इंजिनच्या फाटलेल्या व्हॅक्यूम होजमधून (रबरी नळीतून) जास्तीची हवा शिरत असेल, तर नवा सेन्सरही तेच सांगणार.

जुन्या टोयोटात दुरुस्तीनंतर किल्ली बंद करून वायर काढा, ईएफआय (EFI, इंधन इंजेक्शनचा) फ्यूज दहा सेकंदांहून जास्त वेळ बाहेर ठेवा. कोड पुसले जातात, म्हणून आधी लिहून घेतलेले असले पाहिजेत. गाडी फिरवून आणा आणि पुन्हा वाचा.

ओबीडी-२ च्या गाडीत चालवताना दिवा लुकलुकू लागला, तर मात्र कोड वाचत बसू नका. जोराचं मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन कन्व्हर्टर जळू शकतो. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.