भिंतीवरचं लाकडी कोरीवकाम पावसाळ्यात सांभाळताना

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लाकूड ओल शोषून फुगतं, पुढे उन्हाळ्यात आकसतं. जोड उकलतात ते यामुळेच. म्हणून कोरीव गणपती किंवा सागवानी नक्षी पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतली कोरडी भिंत निवडा. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहील. एवढं एक केलंत तरी पाठीमागची बुरशी बरीच टळते.

रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने नक्षीच्या खाचांतून धूळ हळूच काढा. ओलं फडकं नकोच. खोबरेल तेलही नको. ते चिकट राहतं आणि धूळ धरून ठेवतं. पॉलिश नसलेल्या लाकडाला वर्षातून एकदा, कोरड्या हवेत, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जादा तेल लगेच पुसून घ्या. ते फडकं मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं! पसरून बाहेर वाळवा.

खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर कीड लागली समजा. तो नग लगेच इतर लाकडापासून वेगळा ठेवा.